धार मोडते, वळते, तडकते: छोट्या भट्टीतल्या शेवटच्या तावांविषयी

वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. गाडीच्या जुन्या स्प्रिंग-पाट्याचे तीन तुकडे करून तुम्ही तीन अवजारं घडवली: लाकूडकामाची पटाशी, एक चाकू आणि छोटी कुऱ्हाड. तिन्ही भडक नारिंगी होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवली. पटाशीच्या धारेचा टवका कठीण लाकडावर पहिल्या काही ठोक्यांतच उडाला. चाकू नंतर ज्योतीवर निळ्या रंगापर्यंत उतरवला होता, म्हणजे पुन्हा तापवून त्याचा कडकपणा थोडा कमी केला होता; त्याची धार वळते. कुऱ्हाड पाण्यात जाताच बारीक ‘टिक्’ आवाज आला आणि पात्यात केसाएवढी चीर पडली. पाटाच बाद होता की घडाईत हात कमी पडला, असं तुम्ही विचारलंय.

पाटा बाद नव्हता, आणि तुमच्या वर्णनावरून घडाईही बरी झालेली दिसते. तिन्ही दोष घडाई संपल्यानंतरच्या तासाभरातले आहेत. हातोडा आकार देतो. धार टिकणार की नाही हे शेवटचे चार-पाच ताव, म्हणजे शेवटची चार-पाच तापवणी, ठरवतात. अवजार दिसायला तयार झालेलं असतं, हात दुखत असतात, म्हणून नवा माणूस नेमका तिथेच घाई करतो. माझ्या भट्टीवर शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी घडाईच्या आधी हे शेवटचे ताव शिकवतो, तेही टाकाऊ तुकड्यांवर.

पोलादाबद्दल आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गज, अँगल, साधी पट्टी यांत कार्बन साधारण ०.०५ ते ०.२५ टक्के असतो. त्यांना कितीही पाणी द्या, म्हणजे तापवून पाण्यात किंवा तेलात झपाट्याने गार करा, धार धरण्याइतके ते कडक होत नाहीत. सांडशी, बिजागरी, कुऱ्हाडीचं अंग यांना ते उत्तम. स्प्रिंग-पाट्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६५ टक्के असतो, शिवाय जोडीला दुसरा धातू किंवा सिलिकॉन. ५१६० जातीच्या पाट्यात पाऊण टक्क्याच्या आसपास क्रोमियम असतं. ईएन ४५ जातीत दीड ते दोन टक्के सिलिकॉन. या भरीमुळे पोलाद जाड भागातही आतपर्यंत कडक होतं, आणि त्याला पाण्यासारखा जोराचा गारवा लागत नाही, सोसतही नाही. तुमच्या कुऱ्हाडीची चीर इथूनच सुरू झाली. जुन्या चांगल्या कानशीत कार्बन १ टक्क्याच्या वर असतो, बेअरिंगच्या पोलादात १ टक्का आणि वर दीड टक्का क्रोमियम. बेअरिंग नवशिक्याने सोडून द्यावं. ते घडवायलाही चिवट आणि तापमानाच्या बाबतीत हट्टी.

जुन्या पाट्याची एक खरी अडचण आहे. वर्षानुवर्षं वाकून-सरळ होऊन त्यात थकव्याच्या बारीक चिरा पडलेल्या असू शकतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत आणि पाणी देताना उघडतात. म्हणून पाट्याचा मधला, भोकाजवळचा आणि घासलेला भाग टाकून द्या. शिकताना मात्र जात माहीत असलेली नवी पट्टी घेणं सगळ्यात शहाणपणाचं. १०७५ किंवा १०८४ जातीचं साधं कार्बन पोलाद छोट्या भट्टीसाठी फार सोयीचं असतं, कारण त्यात कार्बन पाऊण टक्क्याच्या आसपास किंवा थोडा वर असतो, आणि या प्रमाणाला कडक होण्यासाठी सर्वांत कमी तापमान पुरतं.

आता आत काय घडतं ते. सुमारे ७२७ अंश सेल्सियसच्या वर पोलादाची अंतर्गत रचना बदलू लागते आणि कार्बन लोखंडात विरघळतो. हळू थंड केलं तर तो पुन्हा बाजूला होतो आणि पोलाद मऊ राहतं. झपाट्याने थंड केलं तर त्याला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. तो अडकून पडतो, रचना ताणली जाते आणि पोलाद कडक पण ठिसूळ होतं. या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. ती आधीच्या रचनेपेक्षा थोडी जास्त जागा व्यापते. पातळ धार आधी थंड होते आणि जाड पाठ मागून. दोन्ही वेगवेगळ्या वेळी फुगतात आणि एकमेकींना ओढतात. पातं वाकतं ते या ओढाताणीमुळे, आणि ओढ पेलली नाही की तडकतं.

दुसरी गोष्ट दाण्याची, म्हणजे पोलाद ज्या बारीक स्फटिकांचं बनलेलं असतं त्यांची. पोलाद गरजेपेक्षा जास्त तापलं, किंवा जास्त वेळ तापलेलं राहिलं, की आतले दाणे वाढत जातात. भरड दाण्याचं पोलाद कडक होतं, पण दाण्यांच्या सीमेवरून फुटतं. तुमच्या पटाशीचा जिथे टवका उडाला ती जागा उन्हात भिंगाखाली धरा. साखरेसारखे चमकणारे कण दिसले तर तापमान जास्त झालं होतं असं समजा. बारीक दाण्याचा तुटका भाग मंद राखाडी दिसतो, चमक अगदी नसल्यासारखी. भडक नारिंगी म्हणजे साधारण ९०० अंश किंवा वर. पाणी देण्यासाठी ते फार झालं. तुमचा पाटा ५१६० सारखा असेल तर त्याला ८३० अंशांच्या आसपास पुरतं, १०८४ला ८०० ते ८२०.

हे तापमान ओळखायचं कसं? ‘चेरी लाल’ असं सगळे सांगतात, पण उन्हात दिसणारा लाल आणि अंधाऱ्या खोलीत दिसणारा लाल यांत शंभर अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून पाणी देण्याचं काम सावलीत, रोज त्याच जागी, त्याच उजेडात करा. लोहचुंबक मदतीला असतोच: लोखंड सुमारे ७७० अंशांना चुंबकाला चिकटणं सोडतं. पण चुंबक सुटला की लगेच बुडवायचं नाही. तिथून रंग एक छटा उजळेपर्यंत तापवायचं. डोळा तयार करायला आणखी एक सोपा उपाय आहे. साधं मीठ ८०१ अंशांना वितळतं. टाकाऊ पट्टी तापवून तिच्यावर चिमूटभर मीठ टाका; दाणे वितळून ओलसर चमक येते त्या क्षणीचा रंग नीट पाहून ठेवा. मीठ लोखंड खातं, म्हणून हा प्रयोग खऱ्या पात्यावर नको.

याहून भरवशाची खूण पोलाद स्वतः दाखवतं. दिवे मालवून पातं भट्टीत मंद आचेवर सावकाश तापवत न्या आणि नजर पात्याच्या पृष्ठभागावर ठेवा. आधी गडद लाल, मग थोडा उजळ लाल. मग एका टप्प्यावर रंग पुढे सरकायचा थांबतो आणि उजळलेल्या पात्यावर गडद सावल्या हलताना दिसतात. धारेकडचा पातळ भाग आधी उजळतो, पाठीकडे सावली रेंगाळते, आणि पातं पुढे-मागे सरकवलं की तीही सरकते. रचना बदलायला पोलाद उष्णता पिऊन घेतं, त्यामुळे तेवढा भाग आजूबाजूपेक्षा थंड राहतो. शेवटची सावली पाठीत विरून गेली आणि सगळं पातं एकसारखं दिसू लागलं की रचना बदलली. त्यानंतर थोडा वेळ तसंच धरून, रंग किंचित चढला की बुडवा. उलट, तापलेलं पातं हवेत थंड होऊ दिलं तर एका क्षणी ते विझता विझता पुन्हा उजळतं. पिऊन घेतलेली उष्णता परत बाहेर पडते. दोन्ही खुणा एकदा नीट पाहिल्यावर रंगाच्या तक्त्याची गरज फारशी उरत नाही. मी अजूनही प्रत्येक पात्याला ही सावली पाहूनच पाणी देतो.

पाणी देण्याआधीचं एक काम तुमच्या वर्णनात कुठेच नाही, आणि पटाशी मोडण्याचं ते निम्मं कारण आहे. घडाई करताना पोलाद १००० अंशांच्या वर अनेकदा गेलेलं असतं, दाणे वाढलेले असतात, कुठे जास्त ठोकलेलं तर कुठे कमी, त्यामुळे आत ताण साठलेले असतात. हे निस्तरायला नॉर्मलायझिंग करतात. पहिला ताव ८७० अंशांच्या आसपास, मग शांत हवेत काळा पडेपर्यंत गार. दुसरा थोडा कमी, ८३०. तिसरा सावली नुकती विरते तेवढाच, ८०० च्या आत. दर वेळी पातं हवेतच गार करायचं. पाणी नाही, वाळू नाही, थंड ऐरणीवर टेकवणंही नाही. प्रत्येक फेरीत जुने दाणे मोडून नवे, अधिक बारीक तयार होतात. पातं वाकडं झालेलं असेल तर ते याच तावांत सरळ करा. तीन फेऱ्यांना अर्धा तास लागतो आणि अवजाराचं आयुष्य त्यात वाढतं.

त्याच पाट्याचा बोटभर रुंद तुकडा घेऊन हे स्वतः पडताळून पाहा. एक टोक नारिंगी करून तेलात बुडवा, दुसरं टोक तीनदा नॉर्मलाइझ करून मग योग्य तापमानावरून बुडवा. दोन्ही टोकं फडक्यात गुंडाळून, गॉगल लावून, पान्ह्यात धरून तोडा. पहिलं कट्कन मोडेल आणि भरड दिसेल. दुसरं मोडायला जोर लागेल आणि दाणा बारीक दिसेल. नवीन पोलाद हातात आलं की त्याची जात, तापमान आणि तेल यांची परीक्षा मी याच पद्धतीने घेतो. तेलातून काढल्यावर कानस लावून पाहा. ती चावत नसेल, नुसती घसरत असेल, तर पोलाद कडक झालं. आधी मात्र वरची काळी खपली घासून टाका, नाहीतर कानस खपलीवरच घसरते आणि फसवते.

आता बुडवायचं कशात. स्प्रिंग-पाट्याला तेल. कुठलंही साधं वनस्पती तेल चालतं. चाकूएवढ्या पात्याला चार-पाच लिटर तरी असावं, भांडं धातूचं, खोल आणि घट्ट झाकणाचं. तेल ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करून घ्या. कोमट तेल पातळ असतं, पात्याभोवती पटकन फिरतं, म्हणून थंड तेलापेक्षा ते चांगलं काम करतं. इंजिनातून काढलेलं जळकं तेल अनेक जण वापरतात. त्यात जड धातू आणि अपायकारक घटक असतात, धूर नाकातोंडात जातो. तेवढे पैसे वाचवू नका.

पाणी वाईट नाही. साध्या कार्बन पोलादाच्या जाड अवजारांना, छिन्नी, सुंबा (भोक पाडायचं हत्यार), हातोडी यांना ते लागतं. पाण्यात तापलेलं लोखंड गेलं की त्याच्याभोवती वाफेचं कवच तयार होतं आणि तेवढ्या भागाला गारवा उशिरा पोचतो. म्हणून एकाच धारेवर कडक-मऊ पट्टे पडतात. पाण्यात ७ ते १० टक्के मीठ विरघळवलं तर ते कवच लवकर फुटतं आणि गारवा एकसारखा बसतो. पण पातळ पातं आणि भरीचं पोलाद यांना पाणी आणि मिठाचं पाणी, दोन्ही नकोत.

पातं तेलात उभं, टोकाकडून किंवा धारेकडून, एका दमात न्यायचं. आत गेल्यावर वर-खाली किंवा धार-पाठ या दिशेने हलवायचं. आडवं, बाजूबाजूला हलवलं तर एका गालाला, म्हणजे पात्याच्या एका सपाट बाजूला, जास्त गारवा बसतो आणि पातं वाकतं. आठ-दहा सेकंदांनी बाहेर काढून सरळ आहे का पाहा. आतला कडकपणा पूर्ण बसायला अजून थोडा वेळ असतो, तेवढ्यात जाड हातमोज्यांनी किंवा दोन लाकडी फळ्यांत दाबून ते सरळ करता येतं. पूर्ण गार झाल्यावर सरळ करायला गेलात तर मोडेल.

बुडवायच्या आधी पातं कसं असावं, हेही महत्त्वाचं. धार आधीच पातळ करून ठेवू नका. चाकूला धारेच्या जागी सव्वा-दीड मिलिमीटर, कुऱ्हाडीला तीन मिलिमीटरच्या आसपास जाडी ठेवा. बाकी घासणं नंतर. गालांवरच्या खोल हातोड्याच्या खुणा आणि ग्राइंडरचे आडवे ओरखडे काढून टाका. मुठीत जाणारी शेपटी जिथे पात्याला मिळते तिथला आतला कोपरा काटकोनात कापलेला असेल तर गोल कानशीने त्याला गोलाई द्या. चीर नेहमी अशाच खाचेतून सुरू होते. तुमच्या कुऱ्हाडीची चीर कुठून निघाली ते बघा. बहुतेक एखाद्या ओरखड्याशी तिचं मूळ सापडेल.

तेलातून काढलेलं अवजार तसंच रात्रभर ठेवून झोपू नका. हाताला सोसवेल इतकं गार झालं की लगेच टेम्परिंगला घ्या. आतला ताण तासाभराने, कधी मध्यरात्री, न शिवताही पातं चिरू शकतो. टेम्परिंग म्हणजे कडकपणा थोडा सोडून चिवटपणा मिळवणं. किती सोडायचा हे अवजाराच्या कामावर ठरतं. पृष्ठभाग चकचकीत घासून तापवला की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि त्याच्या जाडीप्रमाणे रंग दिसतात: २०० ते २१० अंशांना फिकट पिवळसर, २३० ला गवती पिवळा, २५५ च्या आसपास तपकिरी, २७५ ला जांभळा, २९५ ते ३०० ला गडद निळा, मग फिकट निळा आणि राखाडी. वस्तरा, कोरीव कामाची हत्यारं फिकट पिवळ्यावर, चाकू आणि पटाशी फिकट ते गवती पिवळ्यावर, सुंबा तपकिरीवर, लोखंड कापायची छिन्नी आणि कुऱ्हाड जांभळ्यावर, स्क्रूड्रायव्हर निळ्यावर. तुमचा चाकू निळा झाला, म्हणजे तो स्क्रूड्रायव्हरच्या मापाने उतरवलात. शिवाय थेट ज्योतीवर धरल्यामुळे पातळ धार पाठीच्या आधी तापली असणार, म्हणजे जिथे कडकपणा हवा नेमका तिथेच तो सर्वांत जास्त गेला.

रंगांवर आंधळा विश्वास नको. रंग तापमानावर आणि वेळेवर, दोन्हींवर अवलंबून असतो, आणि क्रोमियम असलेल्या पोलादावर तोच रंग थोड्या जास्त तापमानाला येतो. चाकू-पटाशीसाठी साधा विजेचा ओव्हन आणि आत वेगळा तापमापक ही सर्वांत खात्रीची व्यवस्था. २०० अंश, दोन तास, बाहेर काढून पूर्ण गार, आणि पुन्हा दोन तास. दुसरी फेरी वाया जात नाही. बुडवल्यावर थोडी रचना न बदलता मागे राहिलेली असते. त्यातली जी पहिल्या फेरीत किंवा नंतर गार होताना बदलते, ती कडक आणि ठिसूळ असते, आणि तिला उतरवायला ही फेरी लागते.

छिन्नीला मात्र मी अजून भट्टीवरचीच पद्धत वापरतो, कारण तिला धार कडक आणि डोकं मऊ हवं असतं. साध्या कार्बन पोलादाच्या छिन्नीचं टोकाकडचं सहा-सात सेंटिमीटर तापवायचं आणि त्यातलं टोकाचं अडीच-तीन सेंटिमीटर पाण्यात उभं धरायचं. धरताना हात वर-खाली करत राहायचं. पाण्याची रेघ एकाच जागी राहिली तर त्या रेघेवर कडक आणि मऊ पोलाद टोकाटोकाने भेटतात, आणि छिन्नी पुढे कधीतरी बरोबर तिथेच तुटते. टोकाचा लाल रंग गेला, पाण्यात सुरसुरणं थांबलं की बाहेर काढायची. झटकन विटेच्या तुकड्याने एक गाल घासून पांढरा करायचा. मागच्या भागात उष्णता शिल्लक असते, ती टोकाकडे चालून येते. आधी पिवळा पट्टा येतो, त्याच्यामागे तपकिरी, मग जांभळा, निळा. पट्टे एकामागोमाग धारेकडे सरकत असतात, कधी सावकाश तर कधी पापणी लवायच्या आत. जांभळा धारेला लागला की पुन्हा टोक बुडवायचं आणि मग हळूहळू सगळी छिन्नी गार करायची. पट्टे फार जवळजवळ आणि वेगाने आले तर मागचा भाग जास्त तापला होता. फार हळू आले, मध्येच थांबले, तर कमी. स्प्रिंग-पाट्याच्या छिन्नीला हेच सगळं तेलात करा.

घडाईकडे वळतो. तुम्ही विचारलं नसलंत तरी चाकूची धार मऊ राहण्यात भट्टीचाही वाटा असू शकतो. भात्याचा किंवा ब्लोअरचा वारा जिथून आत येतो तिथे जळून न संपलेली हवा असते. पातं त्या तोंडाशी गेलं तर खपल्या भराभर सुटतात आणि पृष्ठभागातला कार्बन जळून जातो. वर अर्धा मिलिमीटर कातडी साध्या लोखंडासारखी मऊ उरते. खरं पोलाद तिच्याखाली असतं, आणि आपण धार लावतो त्या मऊ कातडीवर. म्हणून निखाऱ्यांचा थर जाड ठेवा, पातं आडवं आणि वाऱ्याच्या तोंडापासून बरंच वर ठेवा, वारा बेताचा द्या. दगडी कोळसा असेल तर कच्चा कोळसा कडेला भाजू द्या आणि धूर गेलेलाच मध्ये ओढा. तळाशी साचणारे खंगर, म्हणजे वितळून गोठलेल्या राखेचे गोळे, तासातासाला काढा. ते वाऱ्याची वाट अडवतात आणि ताव बसत नाही. गॅसची भट्टी असेल तर तोंडातून थोडी मऊ नारिंगी ज्योत बाहेर येईल इतका गॅस जास्त ठेवा. पण अशी ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्या वायूला वास नसतो, आणि बंद खोलीत तो जीव घेतो. समोरासमोरच्या दोन उघड्या वाटा आणि वर धुराची चिमणी असल्याशिवाय भट्टी पेटवू नका.

ताव नारिंगी-पिवळ्यावर द्या, साधारण १०५० ते ११०० अंश, आणि लाल मंदावला की, ८०० च्या आसपास, हात थांबवा. भरपूर कार्बनचं पोलाद पांढरट होऊन ठिणग्या सोडू लागलं तर तो भाग जळाला. तो परत येत नाही, कापून टाकावा लागतो. उलट, थंड होत चाललेल्या पोलादावर हट्टाने घाव घातले तर आत चिरा पडतात आणि त्या पाणी देताना दिसतात. ‘ठोकून ठोकून धार घट्ट होते’ असं ऐकायला मिळतं. तापवून पाणी देणाऱ्या पात्यात ते खरं नाही; पुढच्या तावात सगळी रचना नव्याने बनते. गवत कापायच्या लांब दांड्याच्या विळ्याची धार थंडच ठोकून पातळ करतात, ती गोष्ट वेगळी. तिथे पातं मुळातच थोडं मऊ ठेवलेलं असतं.

टोक काढताना आधी चौरस, मग अष्टकोन, मग गोल. सुरुवातीपासून गोल फिरवत ठोकलं तर मध्ये पोकळ चीर पडते. चाकूची धार ठोकून पातळ करू लागलात की त्या कडेचं पोलाद लांब होतं आणि पातं पाठीकडे वाकतं. ते नंतर सरळ करण्यापेक्षा आधीच पातं धारेच्या बाजूला उलटं वाकवून घ्या. धार ठोकत जाल तसं ते सरळ होत येतं. दोन्ही गालांवर घाव सारखे पडले पाहिजेत, नाहीतर पातं पिळतं. कुऱ्हाडीचं नेढं, म्हणजे दांडा बसवायचं भोक, पाडताना सुंबा एका बाजूने अर्ध्याहून पुढे घालवा, उलटं करा, ऐरणीला टेकून गडद पडलेला ठिपका दिसेल, तिथून दुसऱ्या बाजूने घाव घाला. दर तीन-चार घावांनी सुंबा पाण्यात थंड करा, नाहीतर तोच आत अडकून फुगतो.

मऊ अंगात पोलादाची धार बसवायची पद्धत कुऱ्हाडीला फार शोभते, पण सांधा टाकणखार लावून ११५० अंशांच्या वर करावा लागतो आणि त्याच तापाला पोलाद जळायला टेकतं. सध्या तरी एकसंध पोलादावरच काम करा.

ऐरणीबद्दल एवढंच: मुठ वळून उभं राहिल्यावर बोटांची पेरं जिथे येतात, तेवढी तिची उंची ठेवा. हातोडा किलोभराचा पुरतो. रुळाचा तुकडा असेल तर आडवा न ठेवता उभा पुरा; घावाच्या खाली वजन येतं आणि घाव वाया जात नाही. गॉगल, सुती कपडे, कानांत बोळे. डाव्या हातात सांडशी असेल ती पातं घट्ट धरणारी हवी. सैल सांडशीतून उडालेलं पातं कुठे जाईल सांगता येत नाही. जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड भट्टीत कधीच नको, त्याच्या धुराने ताप भरतो. तेलाने पेट घेतला तर झाकण घाला, पाणी ओतू नका. लाल लोखंड सिमेंटच्या फरशीवर पडू देऊ नका; आतल्या ओलाव्याची वाफ होऊन फरशीच्या कपच्या उडतात.

आता तुमची तिन्ही अवजारं. पटाशी वाचते. टवका गेला तिथून दोन-तीन मिलिमीटर मागे घासा, तीनदा नॉर्मलाइझ करा, सावली विरल्यावर कोमट तेलात बुडवा, २०० अंशांवर दोन फेऱ्या द्या. धार २५ ते ३० अंशांच्या कोनात लावा. कठीण लाकडावर ठोकून काम असेल तर ३०. तरी टवके उडाले तर टेम्परिंगचं तापमान दहा-दहा अंशांनी वाढवत न्या.

चाकूला आधी धारेच्या दोन्ही गालांवरून पाव ते अर्धा मिलिमीटर घासून काढा आणि कानस लावून पाहा. कानस चावायची कमी झाली तर मऊ कातडीच अडचण होती आणि नुसत्या घासण्याने काम भागेल. तशीच चावत राहिली तर पुन्हा पाणी द्या, पण धार आता पातळ झालेली असेल, म्हणून तीही दीड मिलिमीटर जाडीपर्यंत मागे घ्या. पाणी दिल्यावर घासताना पातं उघड्या बोटांनी धरा आणि बोटांना चटका जाणवायच्या आत पाण्यात बुडवत राहा. ग्राइंडरवर धारेला एक निळा ठिपका आला की तेवढ्या जागेचा कडकपणा गेला.

कुऱ्हाडीची चीर वेल्डिंगने किंवा पुन्हा तापवून ठोकून बुजत नाही. आत ऑक्साइड शिरलेलं असतं. चीर कुठवर गेली ते आधी शोधा. पातं स्वच्छ करून त्यावर रॉकेल चोळा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडूची भुकटी लावा. चिरेत शिरलेलं रॉकेल भुकटीत पाझरून ओली रेघ दाखवतं. ती रेघ संपते तिथून दहा मिलिमीटर मागे सरळ कापा. नेढ्यापुढे चार-पाच सेंटिमीटर पोलाद उरलं तर धार पुन्हा ठोकून रुंद करा, आखूड पात्याची कुऱ्हाड होईल. तिला नॉर्मलाइझ करून फक्त धारेकडचं तीन सेंटिमीटर तेलात द्या, नेढं मऊच राहू द्या, आणि २७५ अंशांवर उतरवा. तेवढं उरत नसेल तर त्या तुकड्याच्या छिन्न्या करा.